दीपलक्ष्मीची करंगळी

माझ्या हातून आयुष्यात एकच चित्र बक्षिसाच्या लायकीचं झालं, आणि त्याला बक्षीस मिळालं नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेला टेबलावर मातीचा घडा मांडला होता. माझ्या बाजूनं त्याच्या काठाचा टवका उडालेला होता आणि तिथून एक बारीक तडा पोटापर्यंत उतरला होता. माझ्या रांगेतल्या सगळ्या मुलींनी घडा नवाकोरा काढला. मी टवका काढला, तडा काढला, तड्यात अडकलेली माती काढली, आणि बाकीचा घडा रंगवायच्या आत घंटा झाली. मार्क यथातथाच पडले. पण आमच्या जमादार सरांनी तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला. दोन वर्षांनी मी बारावी होऊन घरात माशा मारत बसले होते तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, त्या तडेवालीला घेऊन या म्हणून.

सर तोवर निवृत्त झाले होते. मुंबईत जुन्या शोभेच्या वस्तूंचा लिलाव करणारी एक कंपनी होती, तिच्यासाठी ते कोल्हापूरच्या आसपासच्या घरांतून निघणाऱ्या वस्तूंच्या याद्या करायचे. पितळी दिवे, पानपुडे, घोड्याच्या तोंडाचे अडकित्ते, गुलाबदाण्या. यादी म्हणजे नुसती नावं नव्हेत. वस्तू दिसते कशी आणि आज कुठल्या अवस्थेत आहे, कुठं ठेच आहे, कुठं डाग देऊन जोडलंय, कुठला भाग मागाहून बसवलाय, हे सगळं त्यात यायचं. मुंबईचं गिऱ्हाईक वस्तूला हात न लावता सरांचा कागद वाचून बोली बोलायचं, इतका त्या कागदाला मान. पण सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना डोळे हवे होते, त्यांनी माझे घेतले.

घरी हे सांगितलं तेव्हा आईनं शिलाई मशीनवरचा पाय थांबवला आणि विचारलं, लोकांच्या वस्तूंना नावं ठेवायचा पगार मिळतो व्हय. तिच्या दृष्टीनं मी ते काम फुकट करतच होते. आम्ही सिद्धार्थनगरात राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत आईचं मशीन, आणि त्या मशीनच्या खडखडाटावर आमचा दिवस चालायचा. आबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ओतकाम करायचे, वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं. पाळी संपवून आले की आई त्यांना उंबऱ्यावरच अडवायची, कारण कानात, भुवयांत, खिशात, सगळीकडं काळी वाळू. घमेल्यात पाणी ओतून तिथंच झाडाझडती व्हायची. तरी भाकरी खाताना दाताखाली कचकन काहीतरी यायचंच. आई म्हणायची जोंधळ्यातला खडा असंल, आणि आबा म्हणायचे, आपल्या कंपनीचा माल मी वळखतो. त्याच्या दोन वर्षं आधी फौंड्रीतल्या मशीनच्या पट्ट्यात सापडून त्यांच्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट अर्धं गेलं होतं. त्या अर्ध्या बोटाच्या हातानं ताट धरून ते सुकटीची चटणी निपटायचे, आणि आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आमच्या फळीवर प्लास्टरची बुद्धमूर्ती होती. तिचा एक कान धाकट्या भावानं चेंडू मारून उडवला होता आणि आईनं तो फेविकॉलनं चिकटवला होता, तोही जरा वर. शेजारीण म्हणाली, नवी आणा की. आई म्हणाली, ह्या कानानं कमी ऐकू येतंय व्हय त्यांना. मोडक्या गोष्टीबद्दल मी घरात शिकले ते एवढंच, आणि पुढं जो घोळ झाला त्याचं मूळही यातच आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आबा घरी पहाटेपासून चार वेळा चहा प्यायचे, पण परक्याच्या दारात कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, मी च्या पीत न्हाय. त्यांचं लहानपण चंदगडकडच्या एका खेड्यात गेलं. तिथं शेताच्या मालकाकडं आजोबांसाठी कान तुटलेला एक कप बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. त्यात चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की आपला आपण विसळून परत पालथा घालायचा. आबांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं.

सरांकडचे ते पहिले तीन महिने आठवले की आजही माझे हात शिवशिवतात. माणूस बघायचा तोंडापासून, वस्तू बघायची पायापासून, असं ते म्हणायचे. हातातल्या बांगड्या काढायच्या, हात धुवायचे, चौघडी वाकळेवर वस्तू ठेवायची आणि ती दाराच्या उजेडात न्यायची, बल्बखाली नाही. आधी बैठक, मग अंग, मग डोकं. मग डोळे मिटून पुन्हा तेच, नुसत्या बोटांनी. मग नखानं टिचकी मारून कान लावायचा. अखंड पितळ लांबवर वाजतं, डाग दिलेलं लगेच गप्प होतं. लिहिताना काही शब्दांना सक्त बंदी होती. सुंदर नाही, दुर्मिळ नाही, बहुधा तर अजिबात नाही. जे दिसलं ते लिही, जे झालं असेल ते लिहू नकोस, हे वाक्य त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. मला वाटायचं, एवढं सोपं काय सांगायचं. मी तर रस्त्यानं चालताना बायकांच्या गळ्यातल्या डोरल्यांच्या ठेचा मोजत होते, आईच्या स्वयंपाकघरातल्या तांब्यांना टिचक्या मारून तिचा मार खात होते. जगात एवढे तडे, एवढ्या झिजा, एवढे जोड आहेत आणि ते सगळे मला एकटीला दिसतात, या कल्पनेनं मला झोप लागत नसे. अठराव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल असं वाटलं तर चालतं. आता साठी उलटल्यावर मोबाईलवर फोटो पाठवून ‘मॅडम, कंडिशन लिहून द्या’ म्हणणाऱ्यांना मी सांगते, बाबा, वस्तू हातात दे. फोटोला टिचकी मारता येत नाही.

त्या वर्षी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून बोलावणं आलं. घर मोठं, गोठ्यात आठ म्हशी, आणि घरात ज्यांचा शब्द चालायचा त्या आक्का. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणायचं. नात वैशाली बारावीला चांगली पास झाली होती आणि तिला पुण्याला शिकायला जायचं होतं. मुलगा म्हणत होता, झालं तेवढं बस. आक्का म्हणाल्या होत्या, तुझं नको मला काही, माझ्या माहेरचं आलेलं मी विकतो, त्यावर कुणी बोलायचं काम न्हाय. आमच्याकडच्या बायका ‘मी विकते’ म्हणत नाहीत, ‘विकतो’ म्हणतात, आणि आक्कांच्या तोंडी ते शोभायचंही. माहेरचं म्हणजे एक पानपुडा, एक अडकित्ता आणि एक पितळी दीपलक्ष्मी, दोन्ही हातांच्या ओंजळीत दिव्याचं तबक धरून उभी असलेली. पहिल्या दोन वस्तूंना मी अर्धा तास घेतला. तिसरी हातात आली आणि माझं भान हरपलं. काय ते पितळ, काय त्या नेसणीच्या चुण्या. चेहरा रोजच्या पुसण्यानं इतका झिजला होता की नाक जेमतेम उरलं होतं, पण हसू तसंच होतं. मी डोळे मिटून बोटं फिरवायला लागले. तबकाच्या खाली, जिथं तेल आणि काजळी साचून खरपुडी झाली होती, तिथं डाव्या हाताची बोटं मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. अशी आनंदाची उकळी फुटली मला आतून. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न दिसलेलं मला सापडलं होतं.

कागद मालकाला वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा सरांचा नियम. आक्का सोप्यात पाटावर बसल्या, आत वैशालीनं चहाला दूध ठेवलं, आणि मी ठसक्यात वाचायला सुरुवात केली. पितळी दीपलक्ष्मी, उंची अकरा इंच, बैठकीला मागच्या बाजूनं जुनी ठेच, चेहऱ्यावर वापरानं आलेली झीज, डाव्या हाताची करंगळी तुटलेली. आक्का म्हणाल्या, काय म्हनलीस. मला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं वाचलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आक्कांनी दीपलक्ष्मी माझ्यासमोरून उचलली आणि पदराखाली घेतली. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, “माझ्या लग्नात आली ही. रोज हिच्याम्होरं हात जोडलं. पयलं पोर तापानं फणफणत हुतं तवा बी रातभर हिच्याच म्होरं बसलोतो. पोर गेलं. मी खंडित मूर्तीम्होरं बसलोतो व्हय गं?”

सरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, हा दिवा आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. आक्का म्हणाल्या, मी रोज तिच्यासंगं बोलतो, दिव्यासंगं कोण बोलतंय. खंडित मूर्ती घरात ठेवायची नाही, दुसऱ्याच्या घरात तर मुळीच घालायची नाही, ती पाण्यात सोडायची, हे त्यांच्या दृष्टीनं सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. उद्या सकाळी नदीला सोडतो, म्हणाल्या, आणि आत गेल्या. वैशाली दारात उभी होती. तिचं पुणं माझ्या एका ओळीनं बुडालं होतं, पण ती माझ्याकडं बघतही नव्हती, आजीच्या पाठीकडं बघत होती. दूध उतू गेल्याचा वास आला. चहा काही आला नाही, आणि आम्ही उठलो.

एसटीत सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि बसली असती तर बरं झालं असतं. केर्ल्याच्या अलीकडं त्यांनी विचारलं, “शालन, तू तुटलेलं बघितलंस, की नसलेलं बघितलंस?” मी म्हटलं, त्यात फरक काय सर, नाही म्हणजे तुटलंच की. ते म्हणाले, विचार कर, आणि डोळे मिटून घेतले. मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा, आक्कांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशार बोटांचा.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. आई एका बाईच्या पोराचं ऐकून चुलीकडं तोंड फिरवून बसली. आबा आमटीत भाकरी कुस्करत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मूर्तीबद्दल काही विचारलं नाही, आक्कांबद्दलही नाही. त्यांनी विचारलं, त्या बोटाचं टोक हाताला टोचतंय का गोल लागतंय. मी ताटावरच डोळे मिटले. तबकाची खालची बाजू, तेलाची खरपुडी, चौथं बोट, आणि त्याच्या शेजारी. मेणबत्तीच्या ओघळाचं टोक असतं तसं गोल, गुळगुळीत काहीतरी. माझ्या बोटांनी ते सकाळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. आबा म्हणाले, “मग ती तुटली न्हाय. माल पोचला न्हाय.”

मग त्यांनी ताटात बोटानं साचा काढून मला समजावलं. धातू साच्यात ओतला की तो आधी जाड अंगात भरतो आणि शेवटी बारीक टोकांकडं जातो. जाता जाता थंड पडला तर वाटेतच थिजतो, आणि जिथं थिजतो तिथं टोक असं गोल होतं. त्यांच्याकडं रोज दहा नग असे निघायचे, ते परत भट्टीत जायचे. तुटलेल्या जागेवर दाणा दिसतो, खरखर लागते, कितीही वर्षं गेली तरी कड कळते. पण न बघता सांगणार नाही, म्हणाले. सकाळी बघायला पाहिजे. सकाळी त्यांची पहिली पाळी होती, आणि आबांनी बोट तुटलं त्या पंधरवड्याखेरीज कधी खाडा केल्याचं मला आठवत नाही. आईनं एवढंच म्हटलं, भाकरी बांधून देतो.

शेजारच्यांची लूना घेऊन आम्ही उजाडताच निघालो. ती लूना म्हणजे आजारी शेळी. चढ आला की मी उतरून पळायची, सपाटी आली की उडी मारून बसायची. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकायचो तेव्हा मी आबांच्या पाठीवर अक्षरशः बुक्क्या मारत होते. भीती होती आणि भीतीपेक्षाही मोठं काहीतरी होतं, आपलं चुकलंय आणि त्या चुकण्यातच सगळ्यांची सुटका आहे, हे कळल्याचा आनंद. चुकल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. आक्कांच्या घरी पोचलो तर अंगणात नुसत्या म्हशी. गड्यानं हातानं नदीची वाट दाखवली.

आक्का घोट्याभर पाण्यात उभ्या होत्या. हातात लाल फडक्यात दीपलक्ष्मी, तिच्या कपाळाला ताजं कुंकू, आणि काठावर वैशाली दहीभाताचा डबा घेऊन. मी वरूनच ओरडले, आक्का, थांबा, माझं चुकलंय. त्या वळल्या. आबा घाईनं उतरून काठाशी आले आणि चार हातांवर थांबले. म्हणाले, मी हिचा बाप, शिरोलीत ओतकाम करतो, कांबळे. आडनाव ते नेहमी असं सांगायचे, आधीच, म्हणजे समोरच्याला पुढचं ठरवायला सोपं जावं. मग म्हणाले, तुम्हीच धरा आक्का, आणि जरा उजेडाकडं फिरवा, मी हितनं बघतो.

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. मग त्या पाण्यातून बाहेर आल्या आणि फडकं पुढं केलं. “हातात घ्या की पावणं. लांबनं काय दिसतंय.”

आबांनी हात पँटला पुसले, उलटेसुलटे दोनदा, आणि दीपलक्ष्मी घेतली. मी ओढणीच्या ओल्या टोकानं तबकाखालची खरपुडी हळूहळू पुसली. खालून करंगळीच्या जागी एक इवलासा गोल कोंभ निघाला, बाकीच्या अंगासारखाच पिवळा, त्याच कातडीचा. आबा म्हणाले, ही तुटलेली न्हाय, ओतताना माल तिथवर गेलाच न्हाय, जन्मली तवाच अशी जन्मली. आक्कांनी नकाराची मान हलवली. माझ्या समाधानाला बोलताय, म्हणाल्या. तेव्हा आबांनी आपला डावा हात दीपलक्ष्मीच्या हाताशेजारी धरला. अर्धं बोट, टोकाला टाके ओढलेली, गोळा झालेली कातडी. म्हणाले, “आक्का, तुटलेलं कसं दिसतंय ते मला दाखवायला लांब जायाला नको. ह्ये तुटलेलं. ह्येला खूण ऱ्हाती. तिला हाय का बघा.”

आक्कांनी डोळे मिटले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी अगदी सरांसारखे डोळे मिटले. आधी दीपलक्ष्मीच्या त्या कोंभावरून बोट फिरवलं. मग आबांच्या बोटाच्या टोकावरून, सावकाश, टाक्यांच्या रेघेवरून. पुन्हा दीपलक्ष्मीच्या. मग त्या तिथंच काठावर ओल्यात बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. इतकी वर्षं मागं पडलेलं ते पोर पुन्हा एकदा गेल्यासारखं रडल्या, पण या खेपेला त्यात त्यांचा दोष नव्हता. जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, ओतणाऱ्याला दिसलं नसंल व्हय हे. आबा म्हणाले, दिसलं असणारच, आमच्याकडं ही परत भट्टीत गेली असती. मग का नाही वितळवली. आबांनी दीपलक्ष्मीच्या झिजलेल्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, आवडली असंल त्येला.

घरी जाऊन मी सोप्यातच कागद काढला. तुटलेली हा शब्द खोडला आणि लिहिलं, डाव्या हाताची करंगळी ओतताना आलेली नाही, टोक गोल व गुळगुळीत, तुटफूट नाही. आक्कांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि ठसठशीत सही केली. आता जाऊ दे तिला, म्हणाल्या, कुणाच्या बी घरात उजळ माथ्यानं राहील. दीपलक्ष्मी मुंबईला गेली, चांगल्या बोलीला गेली, आणि वैशाली पुण्याला गेली. ती आजही दिवाळीला फोन करते. सरांनी तो कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, नुसतं हं म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या यादीवर न वाचता सही करायला लागले.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते सहीनंतरचं. आक्का आत वळून म्हणाल्या, वैशाले, च्या टाक. आबांच्या तोंडून सवयीनं निघालं, मी च्या पीत न्हाय. आक्का म्हणाल्या, म्हशीचं दूध हाय, पिऊन तर बघा. चहा आला. आबांनी कप हातात घेतला आणि मी, सवय म्हणा, खोड म्हणा, तो पायापासून बघायला लागले. बशीला तडा नाही. कपाची बैठक सरळ. कान शाबूत, मागाहून चिकटवलेला नाही. काठावरची सोनेरी रेघ सलग, कुठंही झीज नाही, म्हणजे रोजच्या वापरातला नाही, फडताळातून मुद्दाम काढलेला. आक्कांच्या हातात त्याच जोडीतला दुसरा कप होता, आणि त्याच्या काठाला टवका होता. तो त्यांनी स्वतःला घेतला होता.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, सगळा प्यायले, आणि रिकामा कप पुढं करून विचारलं, घोटभर आनि हाय का.